पलटणीचा ठेका

"ही लाटणी कशापायी रं पलटणीत? भाकऱ्या थापायच्या सोडून रोट्या लाटायला ठिवलंय का काय तुला?"

रंगूबाईनं रजेवर आलेल्या लेकाचे कपडे धुवायला काढावेत म्हणून त्याची पत्र्याची ट्रंक उघडली होती. तळाशी फडक्यात गुंडाळलेल्या दोन काठ्या तिच्या हाताला लागल्या. काळसर, गुळगुळीत, एका टोकाला बोंडासारखी गोटी असलेल्या. ती त्या उलटसुलट करून बघत होती.

लालासाहेब ओट्यावर राखुंडीनं दात घाशीत बसला होता. त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं आणि मान न वळवता म्हणाला, "बंदूक साफ करायच्या काड्या हायेत त्या, आये. ठीव तिथंच."

"दोन कशाला लागत्यात?"

"एक आतनं, एक भाईरनं."

गोठ्यात बैलांना वैरण टाकणाऱ्या नाथाजीच्या कानावर बंदुकीचं तेवढं पडलं. "सरकारी वस्तूला हात लावू नगंस," तो बायकोला म्हणाला, पण आवाजात राग नव्हता. लेकाला बंदूक मिळाली हे नाथाजीचं चावडीवर सांगून झालं होतं, गुऱ्हाळावर सांगून झालं होतं. नाथाजीचा बापही पलटणीत होता. धाकटा भाऊ मागच्या लढाईत बसऱ्याला पडला होता. आता एकेचाळीस साली दुसरी लढाई लागली आणि लालासाहेब कराडला जाऊन भरती झाला, तेव्हा नाथाजीनं बैलगाडीला घुंगरमाळा बांधून त्याला मसूरच्या स्टेशनावर पोचवला होता.

खरं काय होतं ते एकट्या लालासाहेबाला ठाऊक होतं. दोन सालांमागं उसाच्या चरकात त्याचं उजव्या हाताचं पहिलं बोट सापडलं होतं. बोट राहिलं, पण काटकीसारखं ताठ झालं. भरतीच्या डॉक्टरानं छाती मोजली, दात बघितले, बोटं दहाच्या दहा आहेत म्हणून पुढं ढकलला. बेळगावला चांदमारीच्या मैदानावर मात्र नेम धरून बंदुकीचा घोडा ओढायची वेळ आली आणि बोट वाकेना. आता घरी धाडणार, असं तो धरून चालला होता. तेवढ्यात बँडचे दळवी हवालदार त्याच्या उंचीकडे बघून म्हणाले, "हा मला द्या." बंदुकीच्या जागी कमरेला पट्ट्यानं अडकवलेला ड्रम आला.

मळेवाडीत कातड्याच्या वाद्याला हात लावायचा तो गावाबाहेरच्या मांगवाड्यानं. लग्न असो, जत्रा असो, हलगी हरिबाची. त्याच्या तालावर गाव घाम निथळेपर्यंत नाचायचं आणि नाचून झालं की वाजवणाऱ्यापासून चार हात लांब बसायचं. आपण पलटणीत जाऊन वाजवायचं काम करतो, हे लालासाहेब बापाला कुठल्या तोंडानं सांगणार होता?

त्यात आणखी एक दुखणं होतं. ते कामही त्याला येत नव्हतं. ड्रमचा रोल म्हणजे दोन्ही काड्या अशा चालायच्या की ठोके वेगळे ऐकू येऊ नयेत. चांगल्या टाकी लावलेल्या जात्याची घरघर जशी अखंड, तसा आवाज. लालासाहेबाचं जातं दर फेऱ्याला खड्यावर अडायचं. रजेवर सोडताना दळवी हवालदारांनी सांगितलं होतं, "आल्यावर ऐकतो. रोल आला तर बँडात. न्हाई आला तर लंगरखान्यात कांदं सोलायला."

* * *

ओढ्याच्या पल्याड चिंचेखाली हरिबा घायपाताचा वाख वळत बसायचा. गावातल्या सगळ्या मोटांचे नाडे, बैलांचे कासरे त्याच्या हातचे. पन्नाशीचा, अंगानं किडकिडीत, पण मनगटं अशी की पीळ घातलेला दोर सुटायचं नाव काढीत नसे. दुपारची वेळ होती. गाव आडवं झालं होतं. लालासाहेब सदऱ्याखाली काठ्या लपवून ओढा उतरला.

"हरिबा, एक काम हुतं."

"बोला, धाकलं मालक. नाडा पायजे?"

"नाडा न्हाई." त्यानं फडकं सोडलं.

हरिबानं काठ्या हातात घेतल्या नाहीत. वाकून बघितल्या. "वाजवायच्या हायेत ह्या. सागवानापरीस जड लाकूड दिसतंय."

आईला जी लाटणी वाटली ती ह्यानं एका नजरेत ओळखली, म्हणून लालासाहेबाला धीर आला. तो मटकन खाली बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. चांदमारी, बोट, ड्रम, कांदे.

हरिबाचे हात दोर वळतच होते. ऐकून झाल्यावर तो सावकाश म्हणाला, "म्हंजी सरकारानं तुमास्नी माझं काम दिलं म्हना की."

लालासाहेबाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उठून जावं असं मनात आलं. पण जाणार कुठं होता?

"शिकिवशील का?"

हरिबानं फाटक्या मोटेचा कातड्याचा एक तुकडा दगडावर पसरला. "वाजवा."

लालासाहेबानं वाजवलं. हरिबानं डोळे मिटून ऐकलं.

"उजवा हात भ्यालाय."

"बोट आखडलंय."

"बोट आखडलंय ते मला दिसतंय. हात भ्यालाय म्हन्तो मी. काडी सुटंल म्हनून मूठ आवळताय तुमी. त्या बोटावर भरवसाच ठिवू नगा. अंगठा आन् मधलं बोट, ह्यात काडी झुलू द्या. मारायची न्हाई, टाकायची. पडली की आपली आपुन उठती."

लालासाहेबानं टाकली. ती उडून वाखाच्या ढिगात गेली. पुन्हा टाकली, पुन्हा गेली. हरिबा बघत राहिला. मग त्यानं हातातला दोर बाजूला ठेवला.

"हे सांगून यायचं न्हाई. मनगट धरून दाखवाय लागतं." तो थोडा थांबला. "आता धरलं आन् घरी जाऊन आंघूळ करनार असाल, तर आधीच सांगा. मी तोंडानं सांगतो. जेवढं जमंल तेवढं जमंल."

"न्हाई करनार," लालासाहेब म्हणाला.

हरिबानं त्याचं मनगट धरलं. वाख वळून वळून तळहाताची साल खवल्यासारखी झालेली होती. त्या हातात लालासाहेबाचं मनगट हळूहळू सैल पडलं आणि काडी कातड्यावर पडून आपली आपण उठली. एकदाच. पण उठली.

परत जाताना ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. लालासाहेबाला कोणी काही सांगितलं नव्हतं. लहानपणापासूनची सवय, पाय आपोआप खोल पाण्याकडे वळले, आणि डोईवरून दोन बुडक्या मारूनच तो वर आला. कपडे अंगावरच वाळवत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो बसला तेव्हा हरिबानं हात पुढं केला नाही.

"आज हात न्हाई. आज नुसतं ऐका."

त्यानं हलगी शेकून घेतली, उजव्या हातात आखूड टिपरू आणि डाव्यात लवलवती काडी धरून वाजवायला लागला. गाव जागं होऊ नये म्हणून हळू, पण असं की लालासाहेबाच्या मांडीवरचे केस ताठ झाले. मग हलगी ठेवून तो पुन्हा वाख वळू लागला. लालासाहेबानं चिंचेखालून मागं वळून पाहिलं. तिथून ओढ्याचा डोह लख्ख दिसत होता.

त्याला आधी राग आला. हा कोण मला बोलणारा, असं वाटलं. पण हरिबा काही बोललाच नव्हता. त्यानं फक्त आपला हात आपल्यापाशी ठेवला होता. घराकडे जाता जाता राग कधी उतरला आणि त्याच्या जागी लाज कधी आली, हे लालासाहेबाला कळलं नाही. आपण शब्द देऊन मोडला, आणि तोही ज्याच्याकडे मागायला गेलो त्याला दिलेला.

तिसऱ्या दिवशी तो आला, बसला आणि म्हणाला, "हरिबा, परवा माझं चुकलं. आज हात धरा."

हरिबानं धरला. शिकवणी झाल्यावर लालासाहेब ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला आणि दगडांवरून पाय न भिजवता पलीकडे उतरला, चिंचेखालून दिसेल असा.

त्या दिवसापासून त्याच्या तोंडातला 'तू' गळून पडला. लहान लेकरू आईचं बोट सोडून चालायला लागतं आणि त्यालाच ठाऊक नसतं, तसं ते झालं. "तुमी सांगा", "तुमी वाजवा", असं तो बोलू लागला. हरिबाच्या ते ध्यानात आलं असणार, पण त्यानं त्याचं कौतुक केलं नाही. ठोका चुकला की तो "हां" म्हणायचा आणि बरोबर आला की काहीच म्हणायचा नाही. लालासाहेब त्या काहीच न म्हणण्याची वाट बघायला शिकला.

आणि एका दुपारी खडा निघून गेला. काड्या पडल्या, उठल्या, पडल्या, आणि मग ठोके उरलेच नाहीत. नुसता एक भरीव आवाज मोटेच्या कातड्यावरून उठून चिंचेत शिरला. हरिबा वाख वळायचा थांबला होता. लालासाहेब लहान पोरासारखा हसत होता.

"मनगट जरा अजून खाली," हरिबा म्हणाला आणि ते दाखवायला त्यानं त्याचा हात धरला.

तेवढ्यात ओढ्याच्या कडेला नाथाजी उभा राहिला. मोटेचा नाडा तुटला म्हणून तो नवा न्यायला आला होता. त्यानं बघितलं ते असं: हरिबा दगडावर बसलेला, आपला लेक त्याच्यापुढं मातीत मांडी घालून, आणि लेकाचा हात हरिबाच्या हातात.



"बंदूक कुठं हाय तुजी?" नाथाजीनं विचारलं.

लालासाहेब उभा राहिला. "बंदूक न्हाई मला, आबा. बोट वाकत न्हाई. मी बँडात हाय. ड्रम वाजवतो."

"आन् तू शिकिवतूस?" नाथाजी हरिबाकडे वळला.

हरिबाही उठला. "इचारलं, शिकिवलं. चोरी न्हाई केली, मालक."

नाथाजीच्या जबड्याचं हाड हललं. "तुजा चुलता बसऱ्याला वाजवत पडला न्हाई," तो लेकाला म्हणाला आणि वळला.

"नाडा ऱ्हायला," हरिबा म्हणाला. नाथाजीनं ऐकलं नाही की ऐकून घेतलं नाही, कोण जाणे.

रजा संपेपर्यंत बाप लेकाशी बोलला नाही. जेवायला तो मळ्यातल्या खोपीत भाकरी मागवून घ्यायचा. रंगूबाई एकाला घरात वाढायची आणि दुसऱ्याची भाकरी खोपीत धाडायची. लालासाहेब ओढ्यावर जायचा मात्र चुकला नाही. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा काठ्या उघड्या हातात घेऊन जायचा. शेवटच्या दिवशी हरिबा म्हणाला, "एक ध्यानात ठिवा. मी डोळं मिटून वाजवतो. मला माणसं नाचवायची असत्यात. तुमी मिटू नगा. तुमाला माणसं चालवायची हायेत. त्येंचं पाय बघा."

मसूरच्या स्टेशनाला तो ट्रंक खांद्यावर घेऊन चालत गेला.

* * *

बेळगावला दळवी हवालदारांनी त्याचा रोल उभ्यानं ऐकायला सुरुवात केली आणि बसून संपवला.

"कुणी शिकिवलं?"

"आमच्या गावच्या हरिबांनी."

"कुठल्या पलटणीत हुते?"

"पलटणीत न्हाई, साहेब. हलगी वाजवतात."

हवालदारांनी त्याच्या मधल्या बोटात झुलणाऱ्या काडीकडे बघितलं. "अशी काडी आमच्याकडं कुणी धरत न्हाई," ते म्हणाले. "तू धर."

उन्हाळ्याच्या तोंडाशी बँड मुलखात निघाला. भरती वाढवायची होती. सरकारी हुकूम होता. मिरज झालं, सांगली झाली. सांगलीला गणपतीच्या देवळासमोर माणूस दाटला होता आणि लालासाहेब पहिल्यांदाच लोकांपुढं वाजवत होता. न चुकता पार पडलं. रात्री मुक्कामावर त्याला कळलं, कराडनंतर उंब्रज, आणि तेही भर बाजाराच्या दिवशी.

मळेवाडीचा बाजार उंब्रजचाच. अख्खं गाव तिथं असणार. तापाचं निमित्त करून ट्रकात पडून राहावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. सकाळी तो हवालदारांकडे गेलाही. "उंब्रजजवळ गाव हाय माझं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"मग पुढच्या रांगेत ये," हवालदार म्हणाले.

सडकेवरून बँड बाजारात शिरला, मागं पलटणीचे जवान रांगेनं. पितळी वाद्यं उन्हात तळपत होती. बायका पाट्या तशाच टाकून कडेला आल्या. माणसं गुळाच्या ढेपांवर चढून बघू लागली. दोन्ही बाजूंना चेहरेच चेहरे होते आणि त्यातले कितीतरी लालासाहेबाच्या ओळखीचे. त्यानं नजर पुढं चाललेल्या हवालदारांच्या पायांवर ठेवली. बाजाराच्या मध्यावर पहिली चाल संपली. दोन चालींच्या मधे वाजवणारे दम घेतात, तेवढा वेळ पलटणीचं पाऊल एकटा ड्रम सांभाळतो. हवालदारांनी दंडा किंचित उचलून त्याला खूण केली.

सगळी वाद्यं थांबली आणि फक्त लालासाहेब वाजवत राहिला.

कर्ण्यांच्या गलबल्यानंतर तो आवाज बारीक वाटायला हवा होता. पण बाजार गप्प झाल्यामुळं तो प्रत्येकाच्या कानापर्यंत पोचला. जवानांचे बूट त्या ठोक्यावर पडत होते, एकत्र, जणू एकच माणूस चालतो आहे. उजवा हात भीत नव्हता. गल्लीच्या कडेला कासऱ्यांच्या आणि दाव्यांच्या राशीमागं हरिबा उकिडवा बसलेला त्याला दिसला, आणि चार पावलांवर, पागोट्याखाली कपाळ आक्रसून उभा असलेला बापही. लालासाहेबानं मान वळवली नाही. आपण इथं आहोत ते बापाला दिसतंय, आणि दिसू दे, असं त्याला वाटलं. तो अख्खा ताठ झाला. रोल आला तेव्हा त्यानं तो असा भरून काढला की पाठीमागच्या मोठ्या ड्रमवाल्यानं खुशीनं हुंकार दिला.

चावडीपुढं बँड थांबला. साहेबाचं भाषण झालं, नावं लिहून घेणारा कारकून टेबल मांडून बसला आणि बँडवाल्यांना पाणी प्यायची सुट्टी मिळाली. लालासाहेबानं ड्रम काढून ठेवला आणि तो गर्दीतून सरळ दोरांच्या राशीपाशी आला. वर्दीतला जवान येतोय म्हणून लोकांनी वाट दिली.

"कुठं चुकलं?" त्यानं विचारलं.

हरिबा उभा राहिला. भोवतीच्या माणसांकडे त्यानं एकवार बघितलं. "वळनावर डावा हात घाईला आला."

"आन् बाकी?"

हरिबा काहीच म्हणाला नाही. त्याचे डोळे मात्र भरले होते.

मागून आप्पासो आला. गावचा बडा बागायतदार, नाथाजीचा भावकीतला, बोलायला तिखट. त्याच्याबरोबर चारपाच जण होते. "काय, नाथाजी," तो लांबूनच म्हणाला, "पोराला बंदूक मिळाली म्हनत हुता तुमी. ही तर हलगी निघाली की."

माणसं हसली. थोडीच, पण हसली. लालासाहेबानं बापाकडे बघितलं. नाथाजी राशीच्या पलीकडच्या अंगाला उभा होता. तो इतक्या जवळ कधी आला, ते कोणालाच कळलं नव्हतं. त्याचा चेहरा ओढ्यावर होता तसाच कठीण होता.

"व्हय," नाथाजी म्हणाला. "हलगीच हाय. मगाशी सगळी पलटण तिच्यावर चालत हुती, बघितलं न्हाई का तुमी?"

आप्पासो हसत होता तो थांबला. "आवं, पर हे शिकायचं कुणाकडं..."

"ह्याच्याकडं," नाथाजीनं हात लांब करून हरिबा दाखवला. आवाज चढवला नाही, पण बाजूच्या मिरचीवाल्या बाईनंही तराजू खाली ठेवला. "माझा ल्योक हरिबाचा चेला हाय. बेळगावपतुर त्येच्यावानी वाजवनारा न्हाई."

हरिबाची मान आधी खाली गेली आणि मग हळूच वर आली. गावाच्या माणसांत तो अशी मान वर करून कधी उभा राहिला नव्हता.

नाथाजी लेकाजवळ आला.  त्यानं लालासाहेबाच्या छातीवरचा पट्टा नीट होता तोच पुन्हा नीट केला. "जेवतोस का वक्तावर?"

"जेवतो, आबा."

"आयला काय सांगू?"

"लाटणी न्हाईत म्हनून सांगा."

नाथाजीला ते समजलं नाही. तरी तो हसला. चावडीकडून शिटी वाजली आणि लालासाहेब पळत रांगेत गेला.

साताऱ्याकडं जायला ट्रक सुटले तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. बाजार पांगत होता. मळेवाडी त्याच वाटेवर, म्हणून लालासाहेब मागच्या फळीला रेलून बाहेर बघत होता. गाव जवळ आल्यावर सडकेवर त्याला बापाची गाडी दिसली. रिकामी होती, बैल घराच्या ओढीनं पुढं धावायला बघत होते आणि नाथाजी दोन्ही हातांनी कासरे ओढून त्यांना आवरत होता.

गाडीच्या पुढं, सडकेच्या मधोमध, न विकलेले दोर खांद्यावर टाकून हरिबा चालला होता. सावकाश, पाठ ताठ करून. कडेला जागा मोप होती. नाथाजी गाडी पुढं काढत नव्हता.